तिसरी ऑपरेटिंग सिस्टिम कुठे अडते?

१३ सप्टेंबर २०१२ रोजी एसर ही तैवानची कंपनी चीनमध्ये एक नवा फोन बाजारात आणणार होती. त्यात अलीबाबाने तयार केलेली ‘अलीयुन’ ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. फोन तयार होता, निमंत्रणं गेली होती आणि ऐन वेळी कार्यक्रम रद्द झाला. अलीबाबाने जाहीरपणे सांगितलं की, हा फोन आणलात तर अँड्रॉइडबाबतचं सहकार्य थांबवू, असं गुगलने एसरला कळवलं होतं. गुगलच्या वतीने अँडी रुबिन यांनी उत्तर दिलं की, अलीयुन ही अँड्रॉइडचीच विसंगत आवृत्ती आहे आणि अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांच्या ज्या आघाडीची एसर सदस्य आहे तिच्या सदस्यांनी अशा आवृत्त्या काढायच्या नाहीत असं आधीच ठरलेलं आहे. कोणाची बाजू खरी, हा वाद इथे बाजूला ठेवू. तो फोन चांगला होता की वाईट, हे ठरवायची संधी ग्राहकाला मिळालीच नाही, एवढं मात्र निर्विवाद.

स्मार्टफोनच्या सिस्टिमबद्दल आपण बोलतो ते कायम पसंतीच्या भाषेत. लोकांना हेच आवडलं, बाकीचे मागे पडले. ही भाषा मला निम्मी चुकीची वाटते. नवी सिस्टिम तयार करणं कष्टाचं आहे, पण ते अनेकांनी करून दाखवलं आहे, अगदी आपल्या मुंबईतही. ती अडते पुढे : ॲप मिळवताना, फोन बनवणारी कंपनी शोधताना, बँकेच्या दारात. या अडवणुकीतला बराच भाग करारांनी आणि धोरणांनी घडवलेला आहे, म्हणून तो बदलताही येतो. त्यासाठी आधी काही घट्ट बसलेले गैरसमज सोडायला हवेत.

गैरसमज : अँड्रॉइड आणि आयफोन असे दोघे आहेत, म्हणजे स्पर्धा आहेच.

चीन सोडला तर जगातले जवळजवळ सगळे स्मार्टफोन या दोहोंवर चालतात. भारतात शंभरातल्या साधारण ९५ फोनवर अँड्रॉइड आहे. पण दोघे आहेत म्हणून ते एकमेकांशी लढतातच असं नाही. बारा हजारांचा फोन घेणाऱ्यापुढे आयफोन हा पर्याय नसतोच. फोन बनवणाऱ्या कंपनीची गत तर आणखी वाईट. ॲपल आपली सिस्टिम दुसऱ्या कोणाला देत नाही. मग नोएडाच्या लावाने किंवा कोरियाच्या सॅमसंगने उद्या नवा फोन काढायचं ठरवलं तर बाजारात मिळणारी सिस्टिम उरते एकच. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ च्या आदेशात नेमका हाच मुद्दा धरला. ॲपलशी आमची स्पर्धा आहे, हा गुगलचा बचाव त्यांनी मान्य केला नाही. इतरांना परवान्यावर मिळू शकणाऱ्या सिस्टिमची बाजारपेठ वेगळी मानली आणि तिच्यात गुगलचं वर्चस्व आहे असं नोंदवलं.

फोन एकदा घेतला की मालकाचं बाहेर पडणं सोपं राहत नाही. विकत घेतलेली ॲप दुसरीकडे चालत नाहीत. व्हॉट्सॲपवरचं जुनं संभाषण एका सिस्टिमवरून दुसरीवर अधिकृतपणे नेण्याची सोय यायला २०२१ साल उजाडलं. दोन्ही स्टोअरचे दर पाहा. ॲपमधून होणाऱ्या डिजिटल विक्रीवर दोघांचंही मूळ कमिशन ३० टक्के. २०२१ मध्ये ॲपलने छोट्या विकसकांसाठी ते १५ टक्के केलं आणि त्याच वर्षी गुगलनेही पहिल्या दहा लाख डॉलरच्या उत्पन्नापुरतं १५ टक्के केलं. ग्राहक किंवा विकसक पळून जाईल अशी भीती असती, तर एकाने दुसऱ्याच्या खाली दर नेला असता.

शिवाय हे दोघे एका मोठ्या व्यवहारात भागीदार आहेत. अमेरिकेत न्यायमूर्ती अमित मेहता यांच्यापुढे चाललेल्या खटल्यात उघड झालं की, सफारी ब्राउझरमध्ये गुगल सर्च आपोआप असावं म्हणून गुगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले. ॲपलने स्वतःचं सर्च इंजिन काढलं असतं तर या रकमेवर पाणी सोडावं लागलं असतं.

गैरसमज : अँड्रॉइड मुक्त आहे, फुकट आहे, कोणीही घ्यावं आणि हवं तसं बदलावं.

या विषयातला सगळ्यात चिवट गैरसमज हाच. त्यात अर्धं सत्य आहे म्हणून तो मोडायलाही अवघड जातो.

गुगलने २००५ मध्ये अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली. नोव्हेंबर २००७ मध्ये फोन बनवणाऱ्यांची आणि टेलिकॉम कंपन्यांची आघाडी जाहीर केली आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला. सिस्टिमचा मूळ कोड खुला आहे, तो कोणीही उतरवून घेऊ शकतो, हे खरंच. पण तुमच्या-माझ्या फोनमध्ये जे असतं ते दोन थरांचं. खालचा थर खुला कोड. वरचा थर गुगलचा खासगी : प्ले स्टोअर, मॅप्स, यूट्यूब आणि पडद्यामागे चालणारी ‘प्ले सर्व्हिसेस’. ॲपला नोटिफिकेशन पोचवणं, नकाशावर ठिकाण दाखवणं, हा फोन खरा आहे की छेडछाड केलेला याची खात्री देणं, अशी असंख्य कामं हा वरचा थर करतो. वर्षागणिक जास्त जास्त कामं खालून वर गेली. घर फुकट मिळावं, पण नळाला पाणी हवं तर करारावर सही करावी लागावी, तसं हे आहे. आणि ती सही करताना कंपनीला बऱ्याच गोष्टी मान्य कराव्या लागत.

करार मुख्यतः तीन होते. पहिला ॲपच्या संचाचा : प्ले स्टोअर हवं तर सर्च, क्रोम, यूट्यूब, मॅप्स, जीमेल असा सगळा गठ्ठा घ्या आणि सर्चची पट्टी पहिल्या पडद्यावर ठेवा. दुसरा विसंगत आवृत्त्यांविरुद्धचा : आपल्या कुठल्याही मॉडेलवर अँड्रॉइडची वेगळ्या वळणाची आवृत्ती आणायची नाही. पन्नास मॉडेल गुगलच्या अटींवर विकून एक्कावन्नावं एखाद्या नव्या सिस्टिमवर आजमावून पाहायचं, तर तेही चालत नसे. तिसरा करार उत्पन्नातल्या वाट्याचा : सर्च फक्त आमचंच ठेवलं तर जाहिरातींच्या पैशातला हिस्सा तुम्हाला.

मला यातला दुसरा करार सर्वांत घातक वाटतो. पहिल्याने ग्राहकाच्या फोनमध्ये काही ॲप जास्तीची आली, एवढंच. दुसऱ्याने मात्र नवी सिस्टिम जन्मण्याची जागाच बंद केली. ॲमेझॉनकडे पैसा, ग्राहक आणि स्वतःचं ॲप स्टोअर सगळं होतं. तिची ‘फायर ओएस’ अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरच बेतलेली. पण मोठा फोन-कारखाना ती आपल्या फोनवर घालायला तयार होईना, कारण घातली तर बाकीच्या सगळ्या मॉडेलांवरचं प्ले स्टोअर धोक्यात. युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये गुगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला, त्यामागच्या मुख्य कारणांत हे एक होतं. पुढे २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने रक्कम थोडी कमी करून ४.१२५ अब्ज केली, पण हा निष्कर्ष कायम ठेवला.

गुगलचं म्हणणं काय, तेही ऐकायला हवं. प्रत्येकाने अँड्रॉइड आपापल्या परीने मोडलं तर एका फोनवरचं ॲप दुसऱ्यावर चालणार नाही, विकसक कंटाळतील, सगळ्यांचंच नुकसान होईल. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर साधा उपाय होता. जो फोन चाचणीत उतरेल त्यालाच अँड्रॉइड हे नाव आणि प्ले स्टोअर द्यायचं, जो उतरणार नाही त्याला नाही. त्यासाठी कंपनीच्या उरलेल्या सगळ्या फोनांना ओलीस धरायचं कारण नव्हतं.

खुल्या कोडचा खुलेपणाही आक्रसतो आहे. मार्च २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की अँड्रॉइडचं काम यापुढे पूर्णपणे अंतर्गत शाखेत होईल आणि कोड तयार झाल्यावर बाहेर येईल. कोड अजूनही खुलाच आहे, पण तो घडत असताना बाहेरच्या माणसाला पाहता येत नाही.

गैरसमज : नोकिया, ब्लॅकबेरी, विंडोज फोन सुमार होते म्हणून बुडाले.

सगळे एका मापाने मोजू नयेत. नोकियाच्या सिंबियनकडे २००७ मध्ये जगातल्या स्मार्टफोनपैकी ६० टक्क्यांहून जास्त हिस्सा होता आणि ती खरोखर स्वतःच्या ओझ्याखाली दबली. ती बटणांच्या फोनसाठी लिहिलेली होती, बोटाच्या स्पर्शासाठी तिला वळवणं जमलं नाही. त्याचा दोष कोणत्याही कराराला देता येणार नाही. एचपीची वेबओएस चांगली होती, पण मालकालाच धीर नव्हता : जुलै २०११ मध्ये तिच्यावरचा टॅब्लेट बाजारात आला आणि ऑगस्टमध्ये कंपनीने तो गुंडाळला.

विंडोज फोनची कहाणी वेगळी. ज्यांनी नोकियाचा लुमिया ५२० वापरला असेल त्यांना आठवत असेल : दहा-अकरा हजारांचा फोन, मेमरी फक्त ५१२ एमबी, तरी यादी सरकवताना कुठे अडखळत नसे, जेव्हा त्याच किमतीचे अँड्रॉइड फोन हात लावल्यावर विचार करत बसत. भारतात तो बऱ्यापैकी खपला. त्याला नडली ती ॲपची वानवा, आणि त्यातही एक प्रकरण बोलकं आहे. गुगलने विंडोज फोनसाठी यूट्यूबचं पूर्ण ॲप काढलं नाही. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते स्वतः तयार केलं. त्यात जाहिराती दिसत नव्हत्या आणि व्हिडिओ उतरवून घेता येत होते. गुगलची हरकत रास्त होती. दोघांनी मिळून नवं ॲप करायचं ठरलं. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहिरातींसह सुधारलेली आवृत्ती आणली आणि गुगलने तीही बंद पाडली. ॲप विशिष्ट वेब-तंत्रात लिहिलेलं नाही, हे त्यातलं एक कारण होतं. अँड्रॉइड आणि आयफोनवरच्या स्वतःच्या ॲपला गुगलने ही अट लावलेली नाही, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं.

एका कंपनीकडे सिस्टिमही असते आणि जिच्यावाचून दुसरी सिस्टिम विकली जात नाही अशी सेवाही असते, तेव्हा हे घडतं. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन विभाग ५ अब्ज युरोंहून अधिक मोजून घेतला होता. जुलै २०१५ मध्ये तिने त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले. एवढ्या पैशाच्या कंपनीला ॲपच्या दुष्टचक्रातून सुटता आलं नाही : वापरणारे कमी म्हणून ॲप नाहीत, ॲप नाहीत म्हणून वापरणारे कमी. ३१ डिसेंबर २०१९ नंतर व्हॉट्सॲपनेही विंडोज फोनची साथ सोडली.

गैरसमज : भारतात कोणी प्रयत्नच केला नाही.

उलट भारत ही तिसऱ्या सिस्टिमची जगातली मोठी प्रयोगभूमी होती, आणि हे आपण फार लवकर विसरलो.

ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने क्लाउड एफएक्स काढला, मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवर, किंमत १,९९९ रुपये. साडेतीन इंचांचा पडदा, १२८ एमबी मेमरी, २ मेगापिक्सेल कॅमेरा, थ्रीजी नाही. दोन हजारांच्या आत स्पर्शपडद्याचा स्मार्टफोन ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. पण अधिकृत व्हॉट्सॲप नव्हतं. त्या सुमाराला लग्नाच्या निमंत्रणापासून शाळेच्या सूचनेपर्यंत सगळं व्हॉट्सॲपवर जायला लागलं होतं, आणि हा फोन घेणारा माणूस नेमका तिथेच बाहेर राहत होता. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगने स्वतःच्या टायझेन सिस्टिमवरचा झेड१ भारतात आणला, ५,७०० रुपयांना. २०१६ मध्ये इंटेक्सनेच फिनलंडच्या सेलफिश ओएसवरचा ॲक्वा फिश काढला. तिन्ही प्रयोग काही वर्षांत संपले.

जियोफोन मात्र टिकला, आणि तो का टिकला हे पाहण्यासारखं आहे. जुलै २०१७ मध्ये मुकेश अंबानींनी तो जाहीर केला : १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत, आत ‘काय ओएस’ (KaiOS) नावाची सिस्टिम. ही काय ओएस म्हणजे मोझिलाने सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसच्याच कोडमधून उगवलेली सिस्टिम. सुरुवातीला यावरही व्हॉट्सॲप नव्हतं. वर्षभरात जियोफोन वापरणारे अडीच कोटींवर गेले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप आपणहून आलं. क्लाउड एफएक्सकडे मागे एवढं मोठं जाळं नव्हतं. जियोकडे स्वस्त डेटा, दुकानं आणि तोटा सोसायची ताकद होती. म्हणजे कोंडी फुटते, पण ती फोडायला लागणारी रक्कम देशात दोन-तीन उद्योगसमूहांपलीकडे कोणाकडे नाही. पुढचंही नोंदवायला हवं. जून २०१८ मध्ये गुगलने काय ओएसच्या कंपनीत २.२ कोटी डॉलर गुंतवले. २०२१ मध्ये आलेला जियोफोन नेक्स्ट गुगलच्या साथीने अँड्रॉइडवर बेतलेला होता. आणि जून २०२४ पासून काय ओएसवर व्हॉट्सॲप नव्याने उतरवून घेणं बंद झालं.

मराठी वाचकाला जवळचा प्रयोग मुंबईचा. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांनी इंडस ओएस उभी केली, आणि २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ वर दिसू लागली. ती अँड्रॉइडवरच उभी होती, तरी विचार वेगळा होता. फोन उघडल्यापासून मराठीत. आलेल्या इंग्रजी मजकुरावर बोट सरकवलं की तो आपल्या भाषेत. तिच्या ॲप बाजारात शिरायला ईमेलचा पत्ता लागत नसे, आणि पैसे मोबाइलच्या बॅलन्समधून देता येत. ज्या माणसाकडे ना क्रेडिट कार्ड ना ईमेल, त्याला समोर ठेवून केलेलं हे काम होतं. मला ते आजही आदर वाटावा असं वाटतं. मायक्रोमॅक्स, कार्बन, इंटेक्स हे देशी ब्रँड चिनी फोनांपुढे ढासळले आणि इंडसचा पायाच गेला. कंपनी ॲप स्टोअरकडे वळली, २०२२ मध्ये फोनपेकडे गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘इंडस ॲपस्टोअर’ म्हणून पुन्हा अवतरली.

गैरसमज : अँड्रॉइडवर दुसरं ॲप स्टोअर घालता येतं, मग तक्रार कसली?

घालता येतं, पण आधी सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते आणि धोक्याच्या सूचनांना ‘होय’ म्हणावं लागतं. चार माणसांत तीन तिथेच थांबतील, आणि फसवणुकीच्या दिवसांत त्यांचं थांबणं चूक म्हणता येत नाही. म्हणून नवं स्टोअर ग्राहकापर्यंत पोचायचं तर फोन कारखान्यातून निघतानाच त्यात असावं लागतं, आणि मग प्रश्न पुन्हा करारांपाशी येतो. भारतातल्या आयफोनवर तर बाहेरचं स्टोअर नाहीच. युरोपात मार्च २०२४ पासून ॲपलला ते येऊ द्यावं लागलं, कारण तिथे कायदा झाला.

एकाच दुकानावर अवलंबून राहण्याचा अर्थ १ मार्च २०२४ ला आपल्याकडे दिसला. कमिशनच्या वादातून गुगलने नोकरी, ९९ एकर्स, भारत मॅट्रिमनी, शादी अशी ॲप प्ले स्टोअरवरून काढून टाकली. ज्या कंपन्यांचा सगळा धंदा फोनवर चालतो त्या एका दुपारीत नव्या ग्राहकाला दिसेनाशा झाल्या. केंद्र सरकारने मध्यस्थी केली तेव्हा ती काही दिवसांत परत आली. थकबाकी होती की नाही, हा गुगल आणि त्या कंपन्यांमधला वाद. पण वादातला एक पक्षच बाजाराचं दार बंद करू शकतो, ही रचना मला मान्य होण्यासारखी वाटत नाही.

आता दार आणखी अरुंद होणार असं दिसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर, प्ले स्टोअरबाहेरून घेतलेल्या ॲपच्याही विकसकाला गुगलकडे ओळख पटवून नोंदणी करावी लागेल. २०२६ मध्ये काही देशांपासून सुरुवात. टीका झाल्यावर जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असं कंपनीने सांगितलं.

गैरसमज : दंड झाला, आता प्रश्न मिटला.

२० ऑक्टोबर २०२२ ला स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला, पाच दिवसांनी प्ले स्टोअरच्या बिलिंगबद्दल आणखी ९३६.४४ कोटींचा. पण रकमेपेक्षा आयोगाने घातलेल्या अटी मोलाच्या होत्या. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि काही दिवसांत गुगलने भारतापुरते नियम बदलले : ॲप सुटी घेता येतील, सर्च इंजिन निवडता येईल, वेगळ्या आवृत्तीचा फोनही कंपनीला काढता येईल. एसरला २०१२ मध्ये जे करता आलं नाही, ते निदान कागदावर भारतात करता येऊ लागलं. मार्चमध्ये अपिली न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार अटी उचलल्या. त्यांत प्ले स्टोअरमध्ये इतर स्टोअरना जागा देण्याची अट होती आणि प्ले सर्व्हिसेसची दारं इतरांना खुली ठेवण्याचीही. दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बिलिंगचा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला.

माझ्या मते उचललेल्या अटींत प्ले सर्व्हिसेसची अट सगळ्यात महत्त्वाची होती. नवी सिस्टिम काढायला परवानगी आहे, पण तिच्यावर ॲपना नोटिफिकेशन येणार नाही, तर ती परवानगी कोण वापरणार? डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. चूक घडल्यावर खटला चालवण्याऐवजी मोठ्या कंपन्यांना आधीच बंधनं घालायची, असा त्याचा रोख. त्याला विरोध झाला आणि तो पुढे सरकला नाही.

गैरसमज : स्वदेशी सिस्टिम आणली की झालं.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत भारओएसचं प्रात्यक्षिक झालं. आयआयटी मद्रासशी जोडलेल्या कंपनीने ती केली आहे आणि गोपनीयता लागणाऱ्या संस्थांपुरता तिचा उपयोग आहे. पण तीही अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरच आहे, आणि सर्वसामान्य ग्राहकाचा प्रश्न कोडचा नाहीच.

लोक चीनचा दाखला देतात. मे २०१९ मध्ये अमेरिकेने हुआवेवर निर्बंध घातले, गुगलची ॲप बंद झाली, चीनबाहेरची तिची फोनविक्री कोसळली. पण चीनच्या आत हार्मनी ओएस वाढली, २०२४ च्या पहिल्या तिमाहीत तिने तिथे विक्रीत आयफोनला मागे टाकलं, आणि त्याच वर्षी आलेल्या नव्या आवृत्तीतून अँड्रॉइडचा कोडही गेला. हे कर्तृत्व मोठं आहे. मात्र ते कुठल्या जमिनीवर घडलं ते पाहा : तिथे प्ले स्टोअर कधी नव्हतंच, यूट्यूब नाही, व्हॉट्सॲप नाही. तीच सिस्टिम त्या भिंतीबाहेर आली की तिला तीच ॲपची वानवा भासते. अशी भिंत बांधून मिळणारी स्पर्धा मला नको. एका मक्तेदाराच्या जागी सरकारच्या मर्जीतला दुसरा बसेल, एवढंच.

गैरसमज : बाकीच्या सिस्टिम असुरक्षित असतात, म्हणून बँका त्या नाकारतात.

ज्याला तिसरा पर्याय खरंच वापरायचा आहे त्याची वाट शेवटी इथे येऊन थांबते. माझ्या एका मित्राने जुन्या फोनवर अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर बेतलेली लिनिएज ओएस घातली आहे. कंपनीने त्या फोनचे सुरक्षा अपडेट केव्हाच बंद केले; लिनिएजवर ते अजून येतात. बँकेचं ॲप उघडलं की चिन्ह दिसतं, चक्र फिरतं आणि लाल अक्षरात ओळ येते : हे उपकरण सुरक्षित नाही. खाली एकच बटण, ‘बाहेर पडा’. त्याच फोनवर कंपनीची मूळ, अपडेट न मिळालेली, ज्ञात भोकं असलेली अँड्रॉइड असती तर बहुधा ॲप बिनतक्रार उघडलं असतं. कारण यात बरेचदा तपासलं जातं ते हे की, फोनला गुगलचं प्रमाणपत्र आहे का. सिस्टिम ताजी आहे का, हा प्रश्न त्यानंतर येतो किंवा येतच नाही.

छेडछाड केलेल्या फोनवर पैशांचे व्यवहार होऊ नयेत ही बँकेची काळजी योग्य आहे. पण तिच्यावर दुसरा मार्ग उपलब्ध आहे. अलीकडच्या फोनांच्या चिपमध्येच एक कुलूपबंद भाग असतो. फोन कोणत्या सहीच्या सिस्टिमवर सुरू झाला, ती सिस्टिम शाबूत आहे का आणि तिच्यात केव्हापर्यंतचे सुरक्षा बदल आहेत, हे तो स्वतः प्रमाणित करून देतो. ही सोय अँड्रॉइडमध्येच आहे. तिच्या आधारे बँक तपासून मान्य केलेल्या इतर सिस्टिमनाही आत घेऊ शकते, आणि लिनिएजसारखी घरी बसवलेली सिस्टिम त्या कसोटीला उतरली नाही तर नाकारूही शकते, पण ठरलेल्या निकषावर. ग्राफीन ओएससारखे सुरक्षेसाठीच नावाजलेले प्रकल्प ॲपवाल्यांना हेच सांगत आले आहेत.

साध्या फोनवरून यूपीआय करण्यासाठी मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘१२३पे’ सुरू केलं. स्मार्टफोन नसलेल्याला वगळायचं नाही, ही भूमिका तेव्हा घेतली गेली. तीच भूमिका आता स्मार्टफोन असूनही गुगल किंवा ॲपल नसलेल्यासाठी घ्यायला हवी. बँका आणि यूपीआयच्या ॲपनी कोणत्या तपासण्या मागाव्यात याचे निकष रिझर्व्ह बँक आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ ठरवू शकतात. त्यात एकाच कंपनीच्या प्रमाणपत्राऐवजी चिपच्या साक्षीला मान्यता द्यावी, सरकारी सेवांच्या प्रत्येक ॲपबरोबर पूर्ण चालणारं संकेतस्थळ सक्तीचं करावं आणि नेटबँकिंगच्या मंजुरीसाठी ॲपशिवायचा मार्ग राखून ठेवावा.